आठ आण्याचं कुत्रं

परवा रात्री पावणेदोनच्या सुमाराला गाडीवरून घरी येत होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी शेवटचं पान लागलं की निघायचं, ही माझी गेल्या कित्येक वर्षांची सवय. ओढ्यावरचा पूल आला आणि नेहमीची टोळी अंगावर आली. पाच-सहा कुत्री, पुढे शेपटी तुटलेलं तांबडं. दोन्ही पाय टाकीवर घेतले, देवाचं नाव घेतलं आणि पूल पार केला. पुलावरून रात्री येणारे दूधवाले, रिक्षावाले, सूतगिरणीच्या तिसऱ्या पाळीचे कामगार, सगळ्यांना ही टोळी माहीत आहे. याच टोळीने गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या सातवीतल्या पोराची पोटरी फाडली. इथल्या सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत द्यायचं सीरम नव्हतं. रात्री अकराला जीप करून जिल्ह्याला न्यावं लागलं. पोरगा आता बरा आहे, पण संध्याकाळी क्लासला पाठवायचं म्हटलं की त्याची आई उंबऱ्यात उभी राहते.

त्याच आठवड्यात गावात कुत्री धरणारी गाडी आली होती. मी मुद्दाम मागेमागे फिरलो. त्यांनी काय धरलं? चहाच्या गाड्यावरचा राजा. तोच, जो ग्लास विसळलेलं पाणी अंगावर पडलं तरी जागचा हलत नाही. मग शाळेसमोरची पांढरी कुत्री, मंदिरामागची दोन म्हातारी. बिस्कीट दाखवलं की शेपटी हलवत गाडीत चढणारी सगळी. पुलाकडे गाडी गेलीच नाही. मी विचारलं तर पकडणारा पोरगा हसला. "साहेब, ती हाताला लागत नाहीत. त्यांच्यामागं दिवस घालवला तर आमचा रोज निघत नाही. आम्हाला नगावर पैसे आहेत."

नगावर पैसे. हे शब्द डोक्यात अडकले, कारण असलीच एक गोष्ट मी फार पूर्वी वाचली होती. ती मुंबईची आहे, जून १८३२ ची. आपल्याकडे दंगल म्हटलं की डोळ्यासमोर काय काय येतं, पण मुंबईच्या जुन्या दंगलींपैकी एक चक्क कुत्र्यांसाठी झाली होती, हे शाळेत कुणी सांगत नाही.

तेव्हाची मुंबई म्हणजे मुख्यतः कोट, त्याच्या बाहेरचं गाव, आणि पलीकडे कुलाब्याला लष्कराची छावणी. गव्हर्नर होता अर्ल ऑफ क्लेअर. उन्हाळ्याच्या ठराविक काळात रस्त्यावरची कुत्री मारायची, असा नियम कंपनी सरकारने आधीच केलेला होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, हा साहेबाचा समज. १८३२ साली ही मुदत वाढवली गेली आणि मारणाऱ्या शिपायाला बक्षीस ठेवलं गेलं, कुत्र्यामागे आठ आणे.

आता महिन्याला मोजक्या रुपयांवर राबणाऱ्या शिपायाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पिसाळलेलं कुत्रं शोधत उन्हात फिरायचं, ते चावलं तर मरायचं. लस तेव्हा जन्मालाही आलेली नव्हती. त्यापेक्षा दारात निजलेलं, ओळखीचं, पोटभर जेवलेलं कुत्रं सोपं. आठ आणे दोघांचेही तेवढेच. मग व्हायचं तेच झालं. लोकांच्या ओट्यावरची, अगदी घरातली पाळलेली कुत्रीसुद्धा मारली जाऊ लागली.

कोटात वस्ती पारशांची मोठी. कुत्रा पारशांसाठी काय आहे हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माणूस गेला की त्याच्या देहासमोर कुत्रं आणतात. कुत्र्याची नजर पडली की देहाभोवतीची दुष्ट शक्ती पळते, अशी श्रद्धा. या विधीला सगदीद म्हणतात. सग म्हणजे कुत्रा, दीद म्हणजे बघणं. त्यातही डोळ्यांच्या वर दोन ठिपके असलेलं कुत्रं चांगलं मानतात. त्याला म्हणायचं चार डोळ्यांचं. मेल्यानंतर आत्म्याला जो पूल ओलांडावा लागतो, त्या चिन्वत पुलावरही कुत्रे असतात. (आमच्या पुलावरचे आणि ते, यांचा संबंध नाही.)

त्यांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात एक अख्खं प्रकरण कुत्र्यांचं आहे. त्यात कुत्र्यांचे प्रकार सांगितले आहेत. कळप राखणारं, घर राखणारं आणि तिसरं, ज्याला धनी नाही ते. या बिनधन्याच्या कुत्र्याला मारलं तरी शिक्षा आहे, पहिल्या दोघांपेक्षा जरा कमी एवढंच. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. साहेबाच्या हिशोबात कुत्रं दोनच प्रकारचं होतं, कुणाच्या तरी मालकीचं किंवा भटकं. तिसरा प्रकार त्याला दिसतच नव्हता.

आपल्याला तो दिसतो. आपण त्याला गावकुत्रं म्हणतो. आळीतलं कुत्रं म्हणतो. मालक कुणीच नाही, पण खायला सगळे घालतात. माझी आजी पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची म्हणून बाजूला काढायची. ते दान नव्हतं, तो रोज होता. गावाच्या राखणीला रामोशी असायचा, जागल्या असायचा, आणि त्यांच्या आधी जागं व्हायचं ते कुत्रं. रात्री चालत किंवा बैलगाडीने प्रवास करणाऱ्याला गाव जवळ आल्याचं दिव्यावरून कळायचं नाही, दिवे असायचे कुठे? भुंकण्यावरून कळायचं. आणि गावाला कळायचं की कुणीतरी येतंय. तेच भुंकणं एकाला रस्ता दाखवायचं आणि दुसऱ्याला सावध करायचं.

खंडोबाजवळ कुत्रं आहे, दत्ताच्या पायाशी चार आहेत, काळभैरवाचं तर वाहनच कुत्रं. खंडोबाचे वाघ्ये देवाची कुत्री म्हणून भुंकायचे, अशी जुनी रीत आहे. धर्मराज स्वर्गाच्या वाटेला लागला तेव्हा भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडली, शेवटपर्यंत सोबत राहिलं ते कुत्रं. प्रवासातल्या कुत्र्याची यापेक्षा मोठी गोष्ट मला माहीत नाही. (रायगडावरच्या वाघ्याचा विषय मी मुद्दाम काढत नाही. तो काढला की खाली दोनशे जण भांडतील आणि आपली पोटरी तशीच राहील.)

तर मुंबई. ६ जून १८३२ ला कोटात पारशांच्या जमावाने कुत्री मारणाऱ्या दोन गोऱ्या शिपायांना गाठून चोपलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. नुसत्या पारशांची नाही, हिंदू आणि जैन व्यापाऱ्यांचीही दुकानं बंद राहिली. आणि मग आंदोलनाने साहेबाच्या पोटावर पाय दिला. कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडवली. छावणीचा पाव-मटण कुत्र्यांसाठी थांबलं म्हटल्यावर सरकार हललं. लष्कर बाहेर आलं, पुढारी पकडले गेले, खटले चालले.

इथे एक नाव येतं, जमशेटजी जीजीभॉय. आज आपण त्यांना जे. जे. हॉस्पिटल आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमुळे ओळखतो. तेव्हा ते 'सर' झालेले नव्हते, ती पदवी १८४२ ची. पण व्यापारी म्हणून वजन मोठं होतं. ते आणि इतर शेटिये मध्ये पडले, सरकारकडे अर्ज गेले, पकडलेल्या लोकांसाठी रदबदली झाली. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, असा मार्ग पुढे आला.

शहराबाहेर सोडायचं म्हणजे कुठे? कुणाच्या तरी गावात. हा उपाय आजही जोरात चालू आहे हो. मोठ्या शहरातली कुत्री रात्री टेम्पोत घालून आमच्यासारख्या गावांच्या शिवारात सोडतात, अशी कुजबुज प्रत्येक तालुक्यात ऐकू येते. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, म्हणून छापलेलं नाही.

पण जमशेटजी तिथे थांबले नाहीत, आणि मला ही गोष्ट दंगलीपेक्षा मोठी वाटते. १८३४ मध्ये त्यांनी आणि मोतीशा शेट, म्हणजे मोतीचंद अमीचंद, या जैन व्यापाऱ्याने मिळून मुंबईत पांजरापोळ काढला. भुलेश्वरला तो आजही आहे. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण त्याच्या मुळाशी रस्त्यावरची कुत्री आहेत. व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर लाग बसवून खर्चाची सोय केली. म्हणजे 'कुत्री मारू नका' म्हणणाऱ्यांनी कुत्र्यांचा खर्च स्वतःच्या वहीत लिहिला. आमच्या गावातल्या प्राणिमित्रांना मी हे ऐकवतो तेव्हा ते विषय बदलतात. आणि 'सगळी मारून टाका' म्हणणाऱ्यांना आठ आण्याची गोष्ट ऐकवतो तेव्हा तेही बदलतात.

साहेब मूर्ख होता, असं मात्र मी म्हणणार नाही. त्याची भीती खरी होती. पिसाळलेलं कुत्रं चावून रोगाची लक्षणं दिसली की माणूस हमखास जायचा, आणि लक्षणं दिसल्यावर आजही जवळजवळ कुणी वाचत नाही. पाश्चरने जोसेफ माइस्टर या पोराला पहिल्यांदा लस टोचली ती जुलै १८८५ मध्ये, म्हणजे मुंबईच्या दंगलीनंतर ५३ वर्षांनी. आपल्याकडे कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली १९०० मध्ये. तिथेच डेव्हिड सेंपल याने मेंढीच्या मेंदूपासून लस तयार करण्याची पद्धत बसवली, आणि चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाला आठवणारी ती पोटातली चौदा इंजेक्शनं आली. माझ्या मावसभावाला ती बसलेली मी पाहिली आहेत. रोज सकाळी त्याला धरून न्यायला दोन माणसं लागायची. ही लस आपल्या देशात २००४-०५ च्या सुमाराला बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचण्या आणि खोल जखम असेल तर जखमेतच सीरम, एवढ्यावर भागतं. अर्थात सीरम असेल तर.

आणि खुद्द इंग्लंडात त्यांनी काय केलं? मालकाला धरलं. कुत्र्याच्या तोंडाला मुसकी बांधायची सक्ती, बाहेरून येणाऱ्या कुत्र्यावर निर्बंध, आणि १९०२ पर्यंत रेबीज हटवला. तिथे प्रत्येक कुत्र्यामागे एक मालक सापडत होता, म्हणून ते जमलं. इथे गावकुत्र्याच्या मालकाला मुसकी बांधायची म्हटली तर अख्ख्या आळीला बांधावी लागेल.

स्वातंत्र्यानंतरही आपण आठ आण्याचाच खेळ खेळलो. मुंबई महापालिका १९९० च्या दशकापर्यंत दरवर्षी हजारो कुत्री मारत होती. रस्ते रिकामे झाले नाहीत. एक कुत्रं गेलं की त्याच्या उकिरड्यावर शेजारच्या आळीतलं येतं, उरलेल्यांना जास्त खायला मिळतं, जास्त पिल्लं जगतात. शेवटी मारणं थांबवून नसबंदीकडे वळले. २००१ मध्ये केंद्राने त्याचे नियमच केले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. धरा, नसबंदी करा, लस टोचा, कानाला खूण करा, आणि जिथून उचललं तिथेच सोडा.

या नसबंदीचा आपल्या झोपेशी थेट संबंध आहे. रात्रीचं भुंकणं वर्षभर सारखं नसतं. भाद्रपद लागला की गल्लीत काय चालतं हे आपल्या भाषेला शेकडो वर्षांपासून माहीत आहे, शिवी होण्याइतकं माहीत आहे. एका मादीमागे दहा नर, हद्दीची भांडणं, रात्रभर कालवा. नसबंदी झालेल्या गल्लीत हा कालवा कमी होतो. उरतं ते राखणीचं भुंकणं. आणि त्याचंही कारण बघा. भाकरीचा रोज बंद झाला, त्याची जागा चिकनच्या दुकानामागच्या ढिगाने घेतली. जिथे ढीग, तिथे टोळी. आमच्या पुलाखाली कोण काय टाकतं, हे पालिकेला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

२०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. ११ ऑगस्टला आदेश आला, दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचला आणि निवाऱ्यात ठेवा. अकरा दिवसांत, २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झाली की परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडू नका, खायला घालायच्या जागा ठरवून द्या. मग ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांमधली कुत्री उचलून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला, देशभरासाठी. म्हणजे आपलं एसटी स्टँडही त्यात आलं. फलाट क्रमांक चारवर बाकड्याखाली झोपणारी जी आहेत, ती आता कुठे ठेवायची? आमच्या पालिकेकडे निवारा म्हणून पत्र्याची एक शेड आहे, तिच्यात सध्या निवडणुकीचे मंडप ठेवले आहेत.

या सगळ्या आदेशांत मला एक शब्द कामाचा वाटला, 'आक्रमक'. तो ठरवायचा कुणी? पकडणाऱ्या पोराला तर आक्रमक कुत्रं परवडतच नाही. १८३२ च्या शिपायालाही परवडत नव्हतं.

आणि हे जमत नाही असं नाही. फार लांब नको, शेजारी गोव्यात बघा. तिथे २०१३-१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेने सरकारला बरोबर घेऊन गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली. मोजणी नगावर नव्हती, भागावर होती. या वाडीतली दहापैकी सात कुत्री टोचली गेली का, हा प्रश्न. मोबाईलवर नकाशा, टोचलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद. जी हाताला लागतात ती हाताने धरायची, आणि जी लागत नाहीत त्यांच्यासाठी जाळं घेतलेली वेगळी टोळी. म्हणजे पुलावरच्या कुत्र्यांसाठी वेगळी माणसं, वेगळा वेळ. २०१८ पासून पुढची काही वर्षं गोव्यात रेबीजने एकही माणूस गेल्याची नोंद झाली नाही. तिथे कुत्री आहेत, भुंकतातही, किनाऱ्यावर पर्यटकांच्या मागेही लागतात. पण चावा म्हणजे मरण, ही भीती त्यांनी कमी केली.

आमच्याकडच्या ठेक्याची अट मी वाचली. शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यांची संख्या, गुणिले दर. खोटी बिलं निघू नयेत म्हणून काढलेले अवयव मोजायचे, हेही नियमात आहे आणि ते बरोबरच आहे. पण कुठल्या भागातली किती, हा रकानाच नाही. पूल, बाजारपेठ, स्टँड, शाळा, कशाचीच नोंद नाही. राजाचं ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी तो कानाला खूण घेऊन चहाच्या गाड्यावर परत आला. दोन दिवस रुसला होता, आता बरा आहे. कागदावर तो एक नग आहे, आणि शेपटी तुटलेलं तांबडं पकडलं असतं तर तेही एकच नग झालं असतं.

सोमवारी सकाळी अकराला मुख्याधिकाऱ्यांना भेटायचं ठरवलं आहे. मागणी एवढीच, की पुढच्या ठेक्यात प्रभागवार नोंद घ्या, पुलावरच्या टोळीसाठी जाळीवाली माणसं वेगळ्या दराने आणा, आणि पुलाखालचा ढीग उचला. प्राणिमित्र मंडळींनी यावं, आणि 'मारून टाका' वाल्यांनीही यावं. दोघांचीही सही एकाच कागदावर घ्यायची आहे. ज्यांना किंवा ज्यांच्या पोरांना गेल्या वर्षभरात चावा झाला आहे, त्यांनी केसपेपरची झेरॉक्स माझ्याकडे द्यावी, नाव झाकून जोडतो. कोणत्या भागात किती चावे, हे तरी आपण आपलं मोजू.

आणि तोवर कुणाला चावलंच, तर हळद, चुना, मिरची काही लावू नका. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. आपल्याकडे सीरम नाही म्हणाले तर मला फोन करा, रात्री कितीही वाजता. पावणेदोनपर्यंत तर मी जागाच असतो.